सोजरबाईची परीक्षा

“चुना कालवायला सांगितला होता, यांनी खीर करून ठेवली,” शिडीवर उभे असलेले दिगंबर पेंटर ब्रशकडे बघत पुटपुटले. आवाज इतका खालचा, की शिडी धरणाऱ्याच्याच कानी पडावा. शिडी शारदानं धरली होती, आणि चुनाही तिनंच कालवला होता.

“खीर असती तर निम्मी एव्हाना तुमच्या पोटात असती,” तीही तितक्याच हळू म्हणाली. “मारा दुसरा हात. पहिल्या हातात भिंत झाकली गेलीय का कधी?”

शेहेचाळीस वर्षांचा संसार एकानं शिडीवर आणि एकीनं शिडीखाली उभं राहून झाला, म्हणजे एवढं चालायचंच. ते अक्षरांच्या कडा आखायचे, ही अक्षरांची पोटं भरायची. लग्न होऊन बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात आली तेव्हा शारदाला अक्षरओळख नव्हती. ती झाली निवडणुकीच्या भिंतींवर. ‘विजयी’ हा शब्द ती आधी शिकली, स्वतःचं नाव नंतर. भिंतीची भाषा हिंदी आणि घरातली मराठी, त्यामुळे दोन्ही भाषा एकाच डब्यातून निघाल्यासारख्या तिला बरोबरच आल्या. पुढं बुऱ्हाणपुरात असा पक्ष उरला नाही, ज्याच्या नावात तिनं रंग भरला नाही. हरणाऱ्याच्या नावातही तेवढाच दाट भरला. फ्लेक्स आले, बाकीचे पेंटर किराण्यात नाहीतर रिक्षात गेले. पण वळणावरच्या या घराची भिंत अजून ‘पेंटरची भिंत’ म्हणूनच ओळखली जायची.

आज त्या भिंतीवर पहिल्यांदा घरातलं नाव चढणार होतं. सून तृप्ती वॉर्डातून पार्षदकीला, म्हणजे नगरसेवकपदाला उभी होती, निर्दलीय म्हणजे अपक्ष, खूण कपबशी. सकाळपासून येणाराजाणारा प्रत्येक माणूस थांबून बघत होता, आणि शारदा ऊन नसतानाही कपाळावर हात धरून त्यांच्याकडे बघत होती. अभिमान लपवायला हात कुठंतरी ठेवावा लागतो.

चुना वाळल्यावर पेंटरांनी निळीत भिजवलेली दोरी ताणली आणि टणत्कार करून सोडली. एक रेघ. मग दुसरी. वर घोषणेची पट्टी, डावीकडे कपबशीची जागा, आणि मधोमध दोन चौकोन, एक मोठा, एक लहान. मोठ्यात उमेदवार, लहानात त्याच्या सोबतीला जे काय असेल ते. ही आखणी सासऱ्यांपासून, म्हणजे दगा पेंटरांपासून चालत आलेली. रिवाज असा, की आखणी झाली की पेंटरानं खाली वळून विचारायचं, “नाव सांगा.”

आज दिगंबर पेंटर वळले नाहीत. दोरी गुंडाळून खाली उतरले आणि चहा मागितला.

शारदाला कळलं. सगळ्यांनाच कळलं होतं, मोठ्या चौकोनात कुणाचं नाव ते अजून ठरलंच नव्हतं.

*

गोष्ट अशी होती, की निवडणूक शारदाच्या मुलाला, तृप्तीच्या नवऱ्याला, निलेशला लढायची होती. पंधरा वर्षं त्यानं दुसऱ्यांचे झेंडे वाहिले, दुसऱ्यांच्या सभेत सतरंज्या घातल्या, दुसऱ्यांच्या मुलींच्या लग्नात पंगती वाढल्या. विजेच्या सामानाचं दुकान सांभाळून एवढं करायचं, म्हणजे माणूस किती झिजतो ते आईला ठाऊक. यंदा त्याचं जमत आलं होतं. मग आरक्षणाची चिठ्ठी निघाली आणि वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. पक्षानं तिकीट कुणाच्यातरी भावजयीला दिलं. निलेश त्या दिवशी घरी आला, मोटारसायकलची चेन काढून बसला आणि दोन तास ती पुसत राहिला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “तृप्तीचा फॉर्म भरू. माझं काम लोकांना माहितेय.”

तेव्हापासून घरात बोलणं असंच होतं. तृप्तीचा फॉर्म, निलेशचं काम. तृप्तीची खूण, निलेशची ओळख. ती दोन वाक्यं जिथं एकमेकांना भिडायची तिथं येऊन प्रत्येक जण भाजीत मीठ आहे का ते विचारायचा. शारदाही.

मदतीला इंदूरहून पुतण्या आला होता, धाकट्या दिरांचा चेतन. दीर वारल्यावर तो या घरीच बारावीपर्यंत शिकला. आता उमेदवारांचे संदेश बनवायचं काम करायचा, आणि त्या कामाचा पगार घ्यायचा, याचं पेंटरांना आजही नवल होतं.

“काका, तुम्ही जे भिंतीवर करत होता तेच मी फोनवर करतो,” तो म्हणायचा.

“भिंत मोफत बोलते,” पेंटर म्हणायचे.

घोषणा तीन तयार होत्या. निलेशची, ‘निलेश भैया का विश्वास, कप-प्लेट है सबके पास.’ ती ऐकून पेंटर म्हणाले होते, “सगळ्यांकडे आहेच तर आपण मागतो काय?” चेतनची, ‘अब की बार चुप मत रहना, वरना पाँच साल फिर सहना.’ आणि पेंटरांची स्वतःची, ‘सुख-दुख में जो आए काम, मोहर लगे उसी के नाम.’

“काका, मोहर कुठंय आता? बटन आहे, बटन,” चेतन म्हणाला.

“मग बटन घाल. अक्षरं तेवढीच आहेत.”

तिन्हींतली कुठली भिंतीवर चढणार ते ठरवायची या घराची एक रीत होती. दगा पेंटर म्हणायचे, कागदावर चांगली दिसणारी ओळ भिंतीवर मरते, तोंडात राहील ती लिहा. म्हणून घोषणा आधी सोजरबाईला सांगायच्या. सोजरबाई या घरी अडतीस वर्षं भांडी घासत होती. वाचता येत नव्हतं, आणि कुणाची भीड नव्हती. सकाळच्या भांड्यांच्या वेळी सगळ्या ओळी एकदाच तिच्या कानावर घालायच्या, पुन्हा नाव काढायचं नाही. दुपारच्या भांड्यांना ती आली की विचारायचं. जी तिच्या तोंडात उरली ती भिंतीवर. मोठमोठ्या उमेदवारांच्या घोषणा सोजरबाईनं राखेच्या हातानं पास-नापास केल्या होत्या, आणि त्यांना ते कधी कळलं नाही.

चेतनला ही रीत फार आवडायची. “काकू, आमच्याकडे ह्यालाच टेस्टिंग म्हणतात. मोठ्या टीमा ठेवतात त्यासाठी.”

“आमची टीम चहा आणि पोळीवर येते,” शारदा म्हणाली.

आज सकाळी तिनं तिन्ही ओळी सोजरबाईला म्हणून दाखवल्या होत्या. आता दुपारची वाट होती.

*

जेवायच्या वेळेला अमृता आली, निंबोल्याहून, केळीच्या दोन फण्या आणि सासरचं लोणचं घेऊन. शारदाची ही मुलगी बोलायला लागली की मधे श्वास घ्यायची नाही.

“वहिनी, टेन्शन घेऊ नको,” तिनं पाटावर बसता बसता तृप्तीला सांगितलं. “तुला फक्त हात जोडायचेत. बाकी दादा आहेच. आमच्या नणंदेच्या गावाला बाईच सरपंच आहे, काय अडलंय का? सगळं नवरा बघतो. सगळे त्यालाच सरपंच म्हणतात. त्या बाईचं नाव तर मलाही…”

ती आठवायला लागली. घास हातात तसाच राहिला. नाव काही येईना.

“बघ, चार वेळा जेवलेय तिच्या घरी,” ती जरा हळू म्हणाली, आणि लोणचं कुणाला पाहिजे ते विचारू लागली.

तृप्ती वाढत होती. तिचं बोलणं एरवीही मोजकं. पण तिच्या एका हातात फोन होता आणि ती पोळी वाढायची विसरली होती, हे शारदानं पाहिलं.

“चेतन,” तृप्ती म्हणाली, “हे दोन्ही मीच म्हटलंय?”

“काय वहिनी?”

“दुकानदारांच्या ग्रुपवर माझा फोटो आहे. खाली लिहिलंय, चौकातले ठेले हटवून रस्ता मोकळा करणार. आणि ठेलेवाल्यांच्या ग्रुपवरही माझाच फोटो आहे. खाली लिहिलंय, एकही ठेला हलू देणार नाही.”

चेतननं घास गिळला. “वहिनी, ग्रुप अलग आहेत. ये लोग आपस में नहीं मिलते. ज्याला जे दुखतं, त्याच्याशी ते बोलायचं. खोटं कुठंय त्यात? अजून तर तुम्ही काहीच केलं नाही.”

“मिलते हैं,” तृप्ती म्हणाली. “दोघांच्या बायका माझ्या ओट्यावर मांडीला मांडी लावून बसतात.”

ते खरं होतं. चार वर्षं झाली, दुपारी कामं उरकली की तृप्ती ओट्यावर चटई टाकून बसायची आणि गल्लीतल्या बायकांचे फॉर्म भरून द्यायची. कुटुंबाचा सरकारी समग्र आयडी, पेन्शन, पोरींच्या शिष्यवृत्त्या. सुरुवातीला शारदा कुरकुरली होती, की चहाच किती उकळायचा. नंतर तिनं मोठं पातेलं काढलं.

“पॉलिटिक्समध्ये थोडं चालतं,” निलेश म्हणाला. “चेतनला कळतं त्याचं काम.”

“दादा, पण उद्या दोघी एकदम आल्या तर?” अमृता म्हणाली. मघाशी ती भावाच्या बाजूनं बसली होती. आता पाट तोच होता, तोंड वहिनीकडे वळलं होतं.

“आल्या तर मी बोलेन.”

“तू असतोस का दुपारी?”

निलेशनं तिच्याकडे असं पाहिलं, की लहानपणी असतं तर वेणी ओढली गेली असती.

दिगंबर पेंटर इतका वेळ ताटात बघत होते. “भिंत चांगली यासाठीच,” ते म्हणाले. “तिला दोन तोंडं नसतात. जाणाऱ्यालाही तेच सांगते, येणाऱ्यालाही तेच. लिहिताना म्हणून तर माणसाचा हात जड होतो.”

“काका, भिंत किती लोक बघतात? पाचशे?”

“पाचशे. पण ते पाचशे एकमेकांना विचारू शकतात, तू पण हेच वाचलंस ना म्हणून.”

चेतन मुळात वाईट पोरगा नव्हता. या घरात वाढला होता, पेंटरांच्या शिडीखाली उभा राहून त्यानं रंगाचे डबे सांभाळले होते. त्यानं फोन उचलला, दोन्ही संदेश काढून टाकले आणि वाटीतली कढी एकदम पिऊन टाकली.

तृप्तीनं त्याला आणखी वाढली.

शारदा सगळं बघत होती आणि आपल्या मनाशी भांडत होती. खरं तर तिनं बोलायला पाहिजे होतं. घरात तिचा शब्द चालायचा. पण बोलली असती तर निलेशचा चेहरा पडला असता, आणि तो चेहरा तिनं एकदा पाहिला होता, मोटारसायकलच्या चेनवर वाकलेला. आई झालं की माणूस न्यायाधीश राहत नाही. मग सून मात्र न्याय मागायला कुणाकडे जाणार, हाही प्रश्न तिला पडत होता, आणि तो ती आमटीत ढवळून टाकत होती.

*

साडेतीनला सोजरबाई आली. मागच्या दारी मोरीपाशी सगळेच जमले, जणू वऱ्हाड आलंय.

“आज काय, एवढे लोकं भांडे पाहाले आले का?” ती बसता बसता म्हणाली. चेतननं फोन वर धरला तर तिनं पदर ओढून घेतला. “ए, तो बंद कर. पातळ फाटेल हाये.”

रीतीप्रमाणे शारदानं विचारलं, “सोजर, सकाळी मी काय म्हणत होते गं?”

सोजरबाईनं एक ताट उचललं, राख घेतली, आणि घासता घासता बरोबर तालात म्हणाली, “अब की बार चुप मत रहना, वरना पाँच साल फिर सहना.”

चेतनच्या तोंडावर शाळेत पहिला आल्यासारखं हसू आलं.

“आणि?”

“आणि ते, कपबशी सगळ्यायपाशी हाये म्हणून. आता हायेच. माह्यापाशीबी दोन हायेत, एकीचा कान तुटला.”

“आणि तिसरी?” पेंटरांनी विचारलं. ते सहसा विचारत नसत.

“तिसरी नाही आठवत, पेंटर.”

पेंटर मान हलवून हसले. नापास होणारी घोषणा कितीही जुन्या माणसाची असली तरी ती बाद. नियम म्हणजे नियम. भिंतीवर चेतनची चढणार.

पण चेतन आता वेगळ्या शाळेत शिकून आला होता. तिथं एक प्रश्न पुढं विचारायची पद्धत होती, आणि अडतीस वर्षांत या घरातल्या कुणालाही तो विचारायचं सुचलं नव्हतं.

“मावशी, घोषणा पाठ झाली ते ठीक. मत कोणाला देणार?”

सोजरबाईनं ताट खाली ठेवलं. “तेच इचारायचं होतं माले. सकाळपासून डोक्यात तेच फिरतंय. तीन वळी सांगितल्या बाईनं, तृप्तीचं नाव एकीतबी नाही. ती उभी हाये ना? का मीच चुकीचं ऐकलं?”

मोरीतल्या नळाचं पाणी वाहत राहिलं. तो शेवटी सोजरबाईनंच बंद केला.

शारदा मनाशी मोजू लागली. दोन पिढ्यांचे पेंटर, इंदूरचा संदेशवाला, राजकारणात पंधरा वर्षं मुरलेला मुलगा, आणि रंग भरणारी ती स्वतः. सगळ्यांनी आठवडाभर डोकं घालून तीन ओळी केल्या, आणि एकीतही उमेदवार नव्हती. दुसऱ्याच्या घरचं काम असतं तर नाव विचारल्याशिवाय पेंटरांनी ब्रश ओला केला नसता.

“मावशी, एकच आहे ना,” निलेश हसायचा प्रयत्न करत म्हणाला. “तिला दिलं काय, मला दिलं काय. घर एकच.”

“मशीनवर दोघायचे फोटो येतील?”

“नाही. तिचाच.”

“मग तुले मत कसं देऊ मी?” सोजरबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. “भाऊ, तू चांगला माणूस हाये. माह्या पोराच्या लग्नात लायटिंग तू लावली, फुकट. पण राशनच्या मशीनवर माहा अंगठा उठत नव्हता, दाबून दाबून. राखेनं पुसला गेला सगळा. चार महिने मी रिकामी पिशवी घेऊन वापस यायची. तृप्तीनं माले गाडीवर बसवून नेलं, तिथल्या माणसाले म्हणे, अंगठा नाही तर डोळे घ्या. माहे डोळे घेतले मशीननं. तीन चकरा झाल्या, तिन्ही चकरा ही संगं उभी. ते माले पाठ करावं लागलं नाही.”

मग ती चेतनकडे वळली. “आन् तुह्या काकाच्या वळी मी आतापर्यंत म्हणते. पण मत त्याहीच्यावरून नाही देलं कधी. एक उमेदवार होता, त्याची वळ लई गोड, पोरं नाचायची. तो माह्या घरात आला, चुलीपर्यंत आला, चप्पल नाही काढली. नाही देलं त्याले.”

“कोण तो?” पेंटरांनी विचारलं.

“तुम्हीच लेहलं होतं त्याचं. जिंकला तो. माह्या एका मतानं काय होते.”

एवढं बोलून ती पुन्हा ताटाला लागली. तिचं काम उरलं होतं.

*

पेंटर उठले. कुणाशी न बोलता पुढच्या दारानं बाहेर गेले. मागोमाग सगळे. ते शिडी चढले, लाल डब्यात ब्रश बुडवला, काठावर निथळला आणि मोठ्या चौकोनासमोर उभे राहिले. रस्त्यावर दोन-तीन माणसं आधीच थांबली होती.

मग दिगंबर पेंटर खाली वळले. बाहत्तर वर्षांच्या माणसाचा हात ब्रशासह वर होता आणि किंचितही हलत नव्हता.

“नाव सांगा,” ते म्हणाले.

निलेश बुटांकडे बघत होता. अमृतानं तोंड उघडलं आणि, आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच, मिटलं. चेतननं फोन खिशात घातला. सगळ्यांचे डोळे फिरून शेवटी शारदावर आले, कारण या घरात अडलेलं वाक्य तीच पुरं करायची. तिच्या ओठावर नाव आलंही होतं. पण ते तिनं सांगितलं असतं, तर ती सासूनं दिलेली गोष्ट झाली असती, जशी मुलानं दिलेली होती. तिनं एका हातानं शिडी धरली आणि दुसऱ्यानं तृप्तीच्या पाठीला हलकंच पुढं केलं.

“तू सांग.”

तृप्तीच्या बोटांना अजून पिठाचे कण होते. तिनं आधी निलेशकडे पाहिलं, आणि बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिली. तो नजर वर करेपर्यंत थांबली.

“मोठ्यात तृप्ती लिहा, बाबा,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण रस्त्यावरच्यांना ऐकू गेला. “अहो, तुम्ही मला उभं केलं असं सगळे म्हणतात. मीही तेच सांगत आले, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. चिठ्ठी निघाली त्या दिवशी तुम्ही अंगणात बसला होतात, आणि मी आत स्वयंपाकघरात उभी राहून हसत होते. तुमच्या दुःखाला नाही, देवाशपथ. माझी पाळी आली म्हणून. मला पार्षद व्हायचंय. तुमच्याऐवजी नाही. मला व्हायचंय.”